लंडनमध्ये एक दिवस फक्त छायाचित्रांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर मे-जूनमध्ये मुलाकडे-मुलीकडे राहायला आलेले आई-बाबा, कामासाठी आठवडाभर आलेले पुण्या-मुंबईचे मित्र आणि नुकताच कॅमेरा हातात आलेली भाचरं, सगळे एकच विचारतात: "फोटोंची प्रदर्शनं बघायचीत, दिवस एकच आहे, कुठून सुरुवात करू?" तेच तेच किती वेळा सांगायचं, म्हणून उत्तरं लिहून ठेवली. वेळा आणि तिकिटं इथेही बदलतात. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक ठिकाणचं संकेतस्थळ एकदा उघडून बघाच.

एका दिवसात किती ठिकाणं होतील?

तीन. दोन मोठी आणि एक छोटं. यादीत आठ नावं असली तरी तीनच.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाच केली होती. रात्री घरी विचारलं, "काय पाहिलंस?" तर मला फक्त पाय दुखत होते एवढंच आठवत होतं. मोठं तैलचित्र दालनाच्या दारातूनही दिसतं. छायाचित्राचं तसं नाही. एकोणिसाव्या शतकातले कितीतरी ठसे (म्हणजे कागदावर उमटवलेल्या प्रती) पोस्टकार्डाएवढे असतात, काचेला नाक लावल्याशिवाय त्यांत काही सापडत नाही. दीड-दोन तास असं वाकून पाहिलं की पुढे नुसत्या चौकटी दिसू लागतात. तेव्हा मधे खाणं, चालणं, बाकावर बसणं हे सगळं बेतातच धरा.

कोणता वार चांगला?

शुक्रवार. यावर मी कुणाशी वाद घालत नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम (सगळे त्याला व्ही अँड ए म्हणतात) एरवी पावणेसहाला बंद होतं, शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी शुक्रवारी-शनिवारी रात्री नऊपर्यंत. फोटोग्राफर्स गॅलरी शुक्रवारी आठपर्यंत, आणि पाचनंतर तिथे तिकीट लागत नाही. म्हणजे घाई नाही आणि खर्चही कमी.

सोमवार-मंगळवार टाळा. मोठी संग्रहालयं उघडी असतात, पण छोट्या गॅलऱ्यांचे ते सुट्टीचे दिवस. अशाच एका सोमवारी पाहुण्यांना घेऊन एका छोट्या गॅलरीच्या बंद दारासमोर उभं राहण्याचा मान मला मिळालेला आहे. पाऊसही होता.

मग बेत नेमका कसा आखायचा?

सकाळी दहाला व्ही अँड एच्या दारात. बारापर्यंत तिथली छायाचित्रांची दालनं. मग जेवण. साउथ केन्सिंग्टनहून पिकॅडिली लाइनची ट्यूब (भुयारी रेल्वे) धरली की गाडी न बदलता लेस्टर स्क्वेअर. तिथून चालत पाच मिनिटांच्या आत नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी. दोन ते चार तिथे. मग सोहोच्या गल्ल्यांतून रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं चाललं की रॅमिलीज स्ट्रीट, म्हणजे फोटोग्राफर्स गॅलरी. मधे चहा घ्या आणि पाच वाजून गेल्यावरच आत शिरा. बाहेर पडलात की ऑक्सफर्ड सर्कस स्टेशन दोन मिनिटांवर आहे. वेम्बली-हॅरोकडे राहणाऱ्यांना तिथून थेट बेकरलू लाइन मिळते.

सुरुवात व्ही अँड एपासूनच का? ते तर कपडे-दागिने-फर्निचरचं म्युझियम ना?

असं बऱ्याच जणांना वाटतं. पण १८५२मध्ये स्थापन झाल्यापासून हे संग्रहालय छायाचित्रं जमवत आलं आहे, आणि तेव्हा फोटोग्राफीला कला म्हणायचं की यंत्राची करामत, यावर लोक हातघाईवर येत होते. १८५८मध्ये इथे (त्या वेळचं नाव साउथ केन्सिंग्टन म्युझियम) फोटोग्राफिक सोसायटीचं प्रदर्शन भरलं. संग्रहालयात भरलेलं हे जगातलं पहिलं छायाचित्र-प्रदर्शन मानतात.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनची गोष्ट तर मी प्रत्येकाला सांगतो. बाई कलकत्त्यात जन्मल्या, १८१५ साली. पहिला कॅमेरा हातात आला तो ४८व्या वर्षी, मुलीने भेट दिला म्हणून. दोन वर्षांत, १८६५मध्ये, त्यांची छायाचित्रं याच संग्रहालयात लागली. १८६८मध्ये संग्रहालयाने त्यांना स्टुडिओसाठी दोन खोल्याच देऊन टाकल्या. त्यांच्या फोटोंतले चेहरे किंचित धूसर असतात. त्या काळच्या जाणत्यांनी "हिला फोकस जमत नाही" म्हणून नावं ठेवली, बाईंनी लक्ष दिलं नाही. पन्नाशीला टेकल्यावर आता काय नवं शिकायचं, असं म्हणणाऱ्या माझ्या मावशीला मी मुद्दाम त्यांच्या फोटोसमोर नेऊन उभं केलं होतं. मावशी म्हणाली, "हिच्याकडे नोकरचाकर असतील." होतेच. मोलकरणींना मॉडेल म्हणून उभं केलेलं आहे.

२०१७मध्ये रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचा प्रचंड संग्रह ब्रॅडफर्डहून इथे आला आणि त्यानंतर जागा वाढवावी लागली. २०१८मध्ये पहिली दालनं उघडली, २०२३मध्ये उरलेली. आता सात आहेत. आत शिरताना काचेमागे दीडशेहून जास्त कॅमेरे मांडलेले आहेत. वडीलधाऱ्यांचा इथे अर्धा तास जातो ("हा आमच्याकडे होता!"), तो धरूनच वेळ ठेवा. एका खोलीत तुम्ही चक्क कॅमेऱ्याच्या पोटात उभे राहता: अंधारी खोली, एका भिंगातून येणारा उजेड आणि समोर बाहेरचं जग उलटं. मुलांना इथून ओढून काढावं लागतं.

आपल्याकडचं काही बघायला मिळेल का?

संग्रहात भरपूर आहे. त्या दिवशी भिंतीवर काय असेल ते मात्र नशिबावर (कारण पुढच्या उत्तरात). जाण्याआधी थोडं माहीत असलं तर नाव दिसल्यावर पाय थबकतात.

लंडनची फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५३मध्ये. मुंबईची, १८५४मध्ये. एका वर्षाचा फरक! डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईतल्या त्या पहिल्या हौशी मंडळींपैकी. छायाचित्रकार राजा दीनदयाळ आधी इंदूरकडे, मग सिकंदराबादला, आणि १८९६मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ थाटला. मद्रासच्या फौजेतला कॅप्टन लिनियस ट्राइप १८५०च्या दशकात मदुराईची देवळं आणि ब्रह्मदेश टिपत हिंडत होता. त्याचे कागदी निगेटिव्हवरून काढलेले ठसे कधी लागलेले असतील तर इतर सगळं सोडून आधी तिकडे जा.

आणि रॉबर्ट गिल. अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येकाने गिल हा इंग्रज फौजी अधिकारी आणि तिथली पारो यांची प्रेमकहाणी ऐकलेली असते. गाइड ती पदरची फोडणी घालून सांगतात. मला तिच्यापेक्षा पुढचा भाग जास्त लागतो. गिलने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रतिकृती केल्या, त्या जहाजाने लंडनला आल्या, सिडनमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६च्या आगीत त्यातल्या बहुतेक सगळ्या जळाल्या. तोवर गिलने कॅमेरा धरला होता. त्याने काढलेल्या लेण्यांच्या जोडचित्रांचं, म्हणजे दोन डोळ्यांनी पाहिल्यावर खोली दिसणाऱ्या स्टिरिओ छायाचित्रांचं, पुस्तक १८६४मध्ये लंडनलाच निघालं होतं. आगीतून वाचलेल्या थोड्या प्रतिकृती व्ही अँड एकडे आहेत. गिलची कबर मात्र भुसावळला आहे, आणि भुसावळहून गाडी बदलताना आपल्यापैकी कुणाला ते ठाऊक नसतं.

मला एक ठरावीक फोटो बघायचाय. तो तिथे असेलच ना?

नसेल असं धरून चला. मोनालिसा तिच्या जागेवर असते, कारण तैलरंग उजेड बऱ्यापैकी सोसतो. छायाचित्राचा कागद सोसत नाही. जुने ठसे फिके पडतात, पिवळे पडतात, रंगीत फोटोंचे रंग उडतात, आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. म्हणून संग्रहालयं प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, म्हणजे मंद ठेवतात आणि काही महिन्यांनी फोटो उतरवून अंधाऱ्या पेटीत विश्रांतीला पाठवतात. "इथे इतकं अंधारलेलं का आहे, बल्ब गेलेत का?" असं माझ्या काकांनी रखवालदाराला विचारलं होतं. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढी द्या.

एखादी गोष्ट खरोखरच पाहायची असेल तर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर संग्रहात शोधा. ती मांडलेली आहे की कोठारात, ते तिथे लिहिलेलं असतं. कोठारातल्या बऱ्याच गोष्टी आधी वेळ ठरवून अभ्यासिकेत बघता येतात. त्याला पैसे पडत नाहीत, पण बेत काही आठवडे आधी करावा लागतो.

जुने फोटो कसे बघायचे? मला सगळे सारखेच तपकिरी दिसतात.

तीन प्रकार ओळखता आले तरी पुरे.

पहिला, डॅगेरोटाइप. छोट्या डबीत, काचेखाली, आरशासारखा चकाकणारा. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा देऊन त्यावर चित्र घेतलेलं असतं. समोरून पाहिलं तर स्वतःचंच तोंड दिसतं. थोडं डावी-उजवीकडे, वर-खाली व्हा, एका कोनात चित्र एकदम वर येतं. आजूबाजूचे लोक बघतील, बघू देत. याची प्रत निघत नाही, जो पत्रा समोर आहे तोच एकमेव.

दुसरा, मिठाच्या कागदावरचा ठसा. चकाकी अजिबात नाही, चित्र कागदाच्या आत मुरल्यासारखं दिसतं. कागदी निगेटिव्हवरून काढलेला असेल तर कडा मऊ असतात. टॅलबट या इंग्रज संशोधकाची पद्धत ती हीच.

तिसरा आणि सगळ्यांत जास्त भेटणारा, अल्ब्युमेन. अंड्यातला पांढरा भाग कागदाला फासून त्यावर रसायन चढवायचं. म्हणून ती हलकी चकाकी आणि म्हणूनच काळानुसार आलेला पिवळेपणा. निगेटिव्ह बहुधा काचेची असायची, आणि काचेवरचं कोलोडियन (चिकट रासायनिक थर) ओलं असेपर्यंतच फोटो घेऊन धुवावा लागे. हिंदुस्थानच्या उन्हात ते मिनिटांत वाळायचं. म्हणजे डोंगरावरच्या किल्ल्याचा एक फोटो हवा असेल तर तंबू, बाटल्या, काचा, पाणी, सगळं हमालांच्या डोक्यावरून वर न्यायचं. हे मनात ठेवून कोपऱ्यातलं पिवळट देऊळ पुन्हा बघा.

जेवायचं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

व्ही अँड एचं उपाहारगृह स्वतःच बघण्यासारखं आहे. संग्रहालयात काढलेलं हे जगातलं पहिलं उपाहारगृह. टाइल्स, खांब, विल्यम मॉरिस या सजावटकाराच्या मंडळींनी सजवलेली हिरवी खोली. शाकाहारी पदार्थ असतात, किंमत लंडनची असते. मी स्वतः धपाटे आणि दह्याची छोटी डबी नेतो. एक्झिबिशन रोडने सरळ वर चालत गेलं की हाइड पार्क. ऊन असेल तर तिथल्या बाकासारखं हॉटेल नाही. दालनात काही खायचं नाही हे सांगायला नकोच, पण मागच्या वेळी आमच्या पाहुण्यांनी चिवड्याची पुडी उघडली होती, म्हणून सांगतो.

संध्याकाळी ऑक्सफर्ड सर्कसच्या आसपास खाण्याला तोटा नाही.

फोटोग्राफर्स गॅलरीत विशेष काय?

ही १९७१मध्ये सू डेव्हिस या बाईंनी सुरू केली, लेस्टर स्क्वेअरजवळच्या एका जुन्या चहाच्या दुकानात. ब्रिटनमधली फक्त छायाचित्रांना वाहिलेली पहिली सार्वजनिक गॅलरी. रॅमिलीज स्ट्रीटच्या आताच्या उभट इमारतीत गॅलरी २००८च्या शेवटी आली, मग ती बंद ठेवून वाढवली आणि २०१२मध्ये पुन्हा उघडली. इथे जुनं फारसं नाही, आजचं आहे. डॉइश बोर्स फाउंडेशनचं छायाचित्रणाचं मोठं पारितोषिक इथलंच. त्याच्या अंतिम फेरीतल्या चौघांचं काम साधारण वसंत ऋतूत लागतं.

काही पटेल, काही अजिबात पटणार नाही. "हे तर मीही काढलं असतं" हे वाक्य इथे दर मजल्यावर ऐकू येतं, मराठीतही. लिफ्टने थेट वर जा आणि एकेक मजला खाली उतरत या, गुडघे दुवा देतील. तळघरात पुस्तकांचं दुकान आहे. तिथे मी पाकीट बायकोकडे देऊन जातो. फोटोंची पुस्तकं जाड कागदाची असतात, विमानाच्या तेवीस किलोंत दोनच बसतात.

दारासमोरच्या रस्त्यावरही मोठ्या आकारात छायाचित्रं लावलेली असतात. ती पाहायला वेळेचं बंधन नाही.

आणि पोर्ट्रेट गॅलरी? सगळे राजे-राण्याच ना?

वरच्या मजल्यांवर हो, रंगवलेले. पण छायाचित्रांचा संग्रह दांडगा आहे आणि तीन वर्षं बंद राहून जून २०२३मध्ये उघडल्यापासून मांडणीही मोकळी झाली आहे. शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत टेलर वेसिंग पारितोषिकाची प्रदर्शनं असतात. माणसाचा चेहरा टिपायची आवड असेल तर ते चुकवू नका.

एक छोटी गंमत. १८३९मध्ये, डॅगेरोटाइपची पद्धत जाहीर झाली त्याच वर्षी, द सँ-क्रुआ नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये तिची प्रात्यक्षिकं केली आणि ट्रफाल्गर चौकाकडून पार्लमेंट स्ट्रीटचं दृश्य घेतलं. तो पत्रा व्ही अँड एच्या संग्रहात आहे. पोर्ट्रेट गॅलरीतून बाहेर पडून चौकात या, दक्षिणेकडच्या कडेला पहिल्या चार्ल्सचा घोड्यावरचा पुतळा आहे. तो त्या चित्रातही आहे. फोनवर ते चित्र काढून समोर धरा. काहीतरी चुकतंय असं वाटेल. डॅगेरोटाइपमध्ये डावं-उजवं उलटं येतं, म्हणून.

मुलं कंटाळतील. त्यांच्यासाठी काय?

व्ही अँड एसमोर, रस्ता ओलांडला की नॅचरल हिस्टरी म्युझियम. तिथे 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'चं प्रदर्शन ऑक्टोबरच्या सुमारास उघडतं आणि बरेच महिने चालतं. ही स्पर्धा १९६५पासूनची. छायाचित्रं मागून उजळलेली असतात, अंधारात वाघ-देवमासे चमकतात, मुलं आपोआप गप्प होतात. २०१६मध्ये यातल्या शहरी विभागाचं बक्षीस मुंबईच्या नयन खानोलकरांना मिळालं होतं: आरे कॉलनीत रात्री घरांमधल्या गल्लीतून चाललेला बिबट्या. गोरेगावकरांनी तो सगळ्यांना दाखवून झाला आहे.

याला तिकीट आहे आणि शनिवार-रविवारी आधी काढलं नाही तर मिळत नाही. मुलं बरोबर असतील तर पोर्ट्रेट गॅलरी गाळा आणि हे घ्या. चौथं म्हणून जोडू नका.

टेट मॉडर्न राहिलं की!

राहू द्या. तिथेही छायाचित्रं असतात, चांगली असतात, पण आधुनिक कलेच्या त्या इमारतीत शिरलं की दिवस तिचाच होतो. त्याऐवजी दुसरा दिवस मिळाला तर टेट मॉडर्न आणि पूर्वेकडे शोरडिचमधलं ऑटोग्राफ (छायाचित्रांची गॅलरी) अशी जोडी करा. ऑटोग्राफ १९८८मध्ये कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाच्या छायाचित्रकारांसाठी उभं राहिलं. दिल्लीत जन्मलेले छायाचित्रकार सुनील गुप्ता त्याच्या संस्थापकांपैकी. प्रवेश फुकट, जागा छोटी, तासात होतं, आणि बहुतेक वेळा तिथून निघताना डोक्यात काहीतरी चालू असतं. वार बघून जा. युद्धाच्या छायाचित्रांत रस असेल तर लॅम्बेथचं इम्पीरियल वॉर म्युझियम. २०२३मध्ये तिथे कला, चित्रपट आणि छायाचित्रांची वेगळी दालनं झाली आहेत.

आई-बाबांना पायऱ्या जमत नाहीत. ट्यूबने जमेल?

साउथ केन्सिंग्टन, लेस्टर स्क्वेअर, ऑक्सफर्ड सर्कस, तिन्ही स्टेशनांत पायऱ्या टळत नाहीत. त्यांच्यासाठी बस बरी. वेळ जास्त लागतो, पण सगळ्या बसमध्ये चाकाची खुर्ची चढते आणि खिडकीतून शहर दिसतं. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. ऑयस्टर (लंडनचं प्रवासाचं कार्ड) किंवा संपर्करहित बँक कार्ड लागतं, आणि हे नीट ऐका: माणशी एक कार्ड. एकाच कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत. ट्यूबमध्ये शिरताना जे कार्ड टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. आत कार्ड आणि बाहेर फोन केलंत तर दोन अर्धवट प्रवास धरून जबर पैसे कापतात.

संग्रहालयांत आत लिफ्ट आणि बाक आहेत. घडीच्या छोट्या खुर्च्या कुठे मिळतात का ते दारातच विचारा.

आत फोटो काढू देतात?

कायमच्या दालनांत बहुधा हो, फ्लॅश आणि ट्रायपॉड सोडून. तात्पुरत्या प्रदर्शनांत बऱ्याचदा नाही, पाटी असते. काचेवरचं प्रतिबिंब काही केल्या जात नाही, तेव्हा फोटोचा फोटो काढण्यापेक्षा शेजारच्या पाटीचा काढा. छायाचित्रकाराचं नाव रात्री आठवत नाही, तेव्हा तीच उपयोगी पडते.

साधारण खर्च किती?

शुक्रवारचा बेत पाळलात तर प्रवेशाचा जवळजवळ शून्य. व्ही अँड ए आणि पोर्ट्रेट गॅलरीतली खास प्रदर्शनं वेगळ्या तिकिटाची असतात, ती घ्यायचीच असं नाही. उरतं ते येण्या-जाण्याचं भाडं आणि चहा.

पाऊस आला तर?

येणारच. छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं, ओली छत्री दारात अडवतात. चाकांची बॅग तर बरोबर आणूच नका. विमानतळावरून थेट प्रदर्शनाला जायचा बेत करणारे दरवर्षी एक-दोघं तरी भेटतात. आधी घरी या, जेवा, झोपा. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी.